भांडं धरायला दोन वर्षं

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली तरी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते, म्हणून आज कागद घेऊन बसले. कळंबोलीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. लोखंड बाजारात माल उतरवून तुम्ही आलाय, सदऱ्यावर गंजाचे डाग, आणि ओट्याशेजारी बसून आम्हा दोघांच्या शिक्षणाचा निकाल लावताय. दादाला फिजिओथेरपी, साडेचार वर्षं. मला नर्सिंगची डिग्री हवी होती, चार वर्षं. मार्क माझेच जास्त. "त्याला लोकं डॉक्टर म्हणतील," तुम्ही म्हणालात. "तू चार वर्सं शिकून बी पेशंटचं भांडंच धरणार. मग दोन वर्सांतच धर की." आई भाकरी थापत राहिली. मी दोन वर्षांचं एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स केला.

पुढे खाजगी दवाखान्यात दादाला जो पगार मिळाला, त्याच्या जवळपास दुप्पट माझ्या डिग्रीवाल्या मैत्रिणीला सरकारी नोकरीत मिळू लागला. मला दादाच्या निम्मा. हे मी तुम्हाला मुद्दाम येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पगारावर माणूस मोजत्यात व्हय?"

मग लकव्यानं तुमची उजवी बाजू गेली. दादा रविवारी यायचा, तुमच्या हाताचा व्यायाम कसा घ्यायचा ते मला दाखवायचा आणि जायचा. बाकी सगळं ड्यूटी सांभाळून माझ्याकडे. एकदा बाजारातले नवे मुकादम तुम्हाला बघायला आले. मी चादर बदलत होते. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं. जीभ जड, तरी तुम्ही स्पष्ट बोललात, "कामाला बाई ठेवलीया. पोरगा डॉक्टर हाय माझा." आजारानं गोंधळले असतील, असं आई म्हणाली. पण संध्याकाळी तुम्ही मला नावानं हाक मारून चहा मागितलात.

दादा विचारायचा, "रोज दोनदा हाताचा व्यायाम घेतेस ना?" मी हो म्हणायचे. मुकादम आले त्या दिवसानंतर एकदाही घेतला नाही. तुमची बोटं आत वळत गेली. "काही केसेस नाही सुधारत," दादा म्हणाला. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, त्याला काही सांगितलं नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

हा कागद आता फाडेन, दादाच्या हाती लागायला नको. फक्त एक राहिलं. तुमची मूठ आवळत जाताना बघून मला बरं वाटायचं, आबा.