आवाज बंद ठेवून पाहिलेली जपानी मालिका

५ जून १९८७, शुक्रवार
माझी पत्नी नर्मदा जाऊन महिना होत आला. मनात ठरवलेलं टिकत नाही, कागदावर आलेलं टिकतं, असा पाटबंधारे ऑफिसातला माझा अनुभव. म्हणून लिहून ठेवतो.
निश्चय: वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात टीव्ही लावायचा नाही. सेटचं लाकडी शटर ओढून वर हिनेच विणलेला रुमाल टाकला आहे.
कडूअक्का झरीहून येऊन राहिली आहे. माझी थोरली बहीण. ती म्हणाली, "त्या पेटीला सालभर हात लावायचा न्हाई. बायको गेली आन हा खुशाल नाटकं बघायलाय, म्हणतील लोकं." मी म्हणालो, मला मुळात टीव्हीची आवडच नाही. ते खरं आहे. सेट हिच्यासाठी घेतला होता.

१४ जून, रविवार
निश्चय पक्का. पेपर दोनदा वाचला, निविदांसकट.
अकरा वाजता थोडं जड गेलं. रविवारी अकराला जपानी मालिका लागते. ही ती चुकवत नसे. शेवटी शेवटी उठवत नव्हतं तरी भिंतीला टेकून बसायची. मी तेव्हा येता-जाता दारात थांबून चार दोष दाखवायचो आणि बाहेर जायचो.
अक्का अकराच्या आधी समोर सुलाबाईकडे गहू निवडायला गेली.

१९ जून, शुक्रवार
स्टेशन रोडवर टीव्हीचा मेकॅनिक भेटला. म्हणाला, पावसाळ्यात सेट बंद ठेवला की आत ओल धरते, अधूनमधून चालवत जा. मी विचारलं, अधूनमधून म्हणजे आठवड्यातून एकदा का? तो म्हणाला, चालेल. तज्ज्ञ माणसाचा सल्ला मोडणं बरं नाही.

२१ जून, रविवार
सेट अर्धा तास चालवला. वेळ नेमकी अकराची आली, कारण अक्का तेव्हा गहू निवडायला जाते आणि तिला उगाच त्रास नको.
आवाज पूर्ण बंद ठेवला. आवाज नसला तर त्याला टीव्ही पाहणं म्हणता येत नाही. ती यंत्राची देखभाल.
समोर बसल्यावर डोळे मिटून घेणं बरं दिसेना, म्हणून पाहिलं. नदीकाठी लाकडी खानावळ. एक म्हातारी, बहुधा सासू. एक सून. दारात एक सडपातळ माणूस बसलेला. तो सुनेचा नवरा असावा. सगळं हळू. एक चहा प्यायला चार मिनिटं. आमच्या ऑफिसात बरे रमले असते.

२२ जून, सोमवार
दिवसभर एकच विचार. हिला त्यात काय दिसायचं? मी कधी विचारलं नाही. वीस वर्षांत बरंच विचारायचं राहिलं, पण ते मोठे विषय आहेत. हा आवाक्यातला आहे. मालिका शेवटपर्यंत पाहायची आणि हे शोधून काढायचं. शोक मोडतो असं नाही. शोकाचाच भाग आहे.

५ जुलै, रविवार
जपानी मालिकेचे गुण: १) आरडाओरडा नाही. २) अंगावर दागिने नाहीत. ३) कोणीही मध्येच गात नाही.
दोष: म्हातारी फार वेळ पाठमोरी बसते.
तो सडपातळ माणूस मला पटला. तो दारात बसतो. कोणी त्याला चहा विचारत नाही, कोणी हाक मारत नाही, तरी त्याच्या कपाळावर आठी नाही. घरात ढवळाढवळ नाही. सून तेवढी अधूनमधून त्याच्याकडे पाहते आणि हा मान हलवतो. एवढाच संसार. हिला हेच आवडत असणार. साधारण माझाच स्वभाव.
अक्का सुलाबाईकडून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. बिचारी. भावजयीची आठवण तिकडे जाऊन काढत असेल.

९ जुलै, गुरुवार
नामांतराच्या मोर्चामुळे बाजार दुपारीच बंद. ऑफिसातून लवकर आलो. सेटवरची धूळ पुसली. उघडला नाही.

१२ जुलै, रविवार
लाइट गेली. दहा पन्नासला. अकरा पस्तीसला आली. वीज मंडळात माणसं आहेत की कोण?
अक्काही समोरून चिडून आली. म्हणाली, "मेली लाइट आजच जायची हुती." गहू निवडायला लाइट कशाला लागते, कळलं नाही. सुलाबाईचं घर अंधारं आहे, त्यामुळे असेल.

२५ जुलै, शनिवार
सुलाबाईचे यजमान बन्सीधर यांनी पाहुण्यांसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. पाकिस्तानी नाटकाच्या कॅसेटी. मला बोलवायला आले. म्हणाले, "व्यंकटराव, तुमी निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, तुमी न्हाई तर कोण समजून सांगणार आमाला? चला." पाहुण्यांपुढे नाही म्हणणं बरं दिसलं नाही. पण निश्चय निश्चय आहे. मी सेटकडे पाठ करून बसलो. पाठ असली म्हणजे पाहणं होत नाही.
बन्सीधर म्हणाले, "आमच्या बायकांकडं तोंड करून बसलात, त्या लाजायल्यात." मग भिंतीकडे केलं.
पाकिस्तानी नाटकाचे गुण: जबान फार साफ. दोष: माणसं नुसती बोलतात. उठणं नाही, बसणं नाही, कुठे जाणं नाही. तीन तासांत एक दार वाजलं. पाहुण्यांपैकी कोणीतरी मध्येच "अरे बापरे, खाली पडला की!" म्हणालं, पण माझ्या ऐकण्यात तसं काही आलं नाही.

२६ जुलै, रविवार
तुलना करायला दोन्ही बाजू हातात आल्या. निष्कर्ष लिहून ठेवतो. जपानी माणूस करतो आणि बोलत नाही. पाकिस्तानी माणूस बोलतो आणि करत नाही. आपल्या मालिकांविषयी मत राखून ठेवतो, कारण त्या मी फक्त गल्लीतून जाताना अनुभवल्या आहेत. तेवढ्यावरून बोलणं योग्य नाही.

२ ऑगस्ट, रविवार
भाच्याच्या घरी पिंगळीला जावं लागलं. नेमका रविवार. जेवण व्हायच्या आधीच पॅसेंजर पकडून परत आलो. भाचा म्हणाला, मामा, एवढी घाई? मी म्हणालो, घरी मशीन आहे. त्याला वाटलं, शिलाई मशीन घेतली.
पोचलो तेव्हा साडेअकरा. पडद्यावर शेतीविषयक माहिती. कपाशीवरची बोंडअळी. तीही आवाज बंद ठेवून पाहिली.

९ ऑगस्ट, रविवार
आज नदीला पूर. सून पाण्यात उतरून दोर सोडते, म्हातारी धावते, आणि तो माणूस दारात बसून. हललासुद्धा नाही. आधी राग आला. मग विचार केला. पुराला माणूस काय करणार? धावपळ करून पाणी ओसरतं का? यालाच धीर म्हणतात.
निश्चय: आजपासून मीही असंच वागायचं. कमी बोलायचं, दारात बसायचं, कशानेही विचलित व्हायचं नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार
पाचवा दिवस. संध्याकाळी ऑफिसातून आलो की दारात बसतो. अक्का काही बोलली की नुसती मान हलवतो. मन शांत होत आहे, असं वाटतं.
रात्री अक्का म्हणाली, "पोट बिघडलं का रं तुझं? चार दिस झाले, दारात बसून नंदीबैलावानी मान हलवायलास." मी मान हलवली. तिने ओव्याचा काढा करून दिला. घेतला.

१६ ऑगस्ट, रविवार
तो माणूस आज उठून नदीच्या दिशेने चालत गेला. सून दाराशी उभी राहून पाहत होती. तिने त्याला थांबवलं नाही, यानेही निरोप घेतला नाही. बाजारात गेला असेल.
अक्का समोरून आली ती पदर डोळ्याला लावूनच. जेवलीही नाही.

२३ ऑगस्ट, रविवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
मालिकेत तो माणूस आला नाही. दार रिकामं. सून दाराकडे पाहून हसली आणि कामाला लागली. मला आवडलं नाही. नवरा आठ दिवस घरी नाही आणि ही हसते. मी शटर ओढलं, रुमाल टाकला. तेवढ्यात अक्का आली. डोळे सुजलेले.
आता बोलायला हवं असं वाटलं. दोन आठवडे कमी बोलून शब्द साचलेही होते. मी म्हणालो, अक्का, दुःख किती करायचं? धीर धरायला शिक. जपानी लोकांकडे पाहा. त्यांच्यात एक माणूस आहे, दारात बसतो, पूर आला तरी हलत नाही.
अक्का म्हणाली, "कोण, त्यो खानावळवाला?"
मी म्हणालो, हो.
"आरं, तो मेलेला हाय."
मी म्हणालो, कधी?
"पयल्याच भागात, सुलाबाईनं सांगितलं. नदीत बुडून मेला न्हवं का! बायकूला तेवढा दिसायचा तो. म्हणून तर कुणी बोलत न्हवतं त्याच्यासंगं. मागल्या ऐतवारी तिनंच सांगितलं त्याला, आता जा, माझं मी बघते. लय रडले मी. आन ती म्हातारी सासू न्हाई, आई हाय तिची."
मग ती एकदम थांबली. म्हणाली, "तुला कसं म्हाईत पूर आला ते?"
मी म्हणालो, तुला कसं माहीत?
ती म्हणाली, दुसऱ्याच्या घरात बघितलं तर सालाचा नेम मोडत न्हाई, तिनं गुरुजींना इचारलंय. मी म्हणालो, आवाज बंद असला तरी मोडत नाही. मी कोणाला विचारलेलं नाही. ती म्हणाली, "आवाज बंद? मंग समजायचं काय तुला?"
मी म्हणालो, बरंच समजायचं.
ती पोळ्या करायला गेली. सुलाबाईकडून आणलेले निवडलेले गहू कधी दिसले नाहीत, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

२४ ऑगस्ट, सोमवार
ऑफिसात लक्ष नव्हतं. मेलेल्या माणसाचा स्वभाव दोन आठवडे आदर्श म्हणून पाळला. कोणाला सांगण्यासारखं नाही. दारात बसणं बंद.
पण मूळ प्रश्न तसाच आहे. आता तर नीट उत्तर निघेल. मालिकेतली बाई मेलेल्या नवऱ्याशी बोलते, आणि आमची ही आजारी असताना ते बघत होती. तिला पुढचं दिसत असणार. मी मागे कसा राहीन याची काळजी करत असणार. या विचाराने पुष्कळ बरं वाटलं. सुलाबाईला विचारून खात्री करायची. दोघी आमच्याच घरी शेजारी बसून बघायच्या.

३० ऑगस्ट, रविवार
सकाळी सुलाबाई अंगणात धुणं वाळत घालत होती. तिच्याशी मी आजवर "बन्सीधर आहेत का" याखेरीज काही बोललो नाही. आज विचारलं. म्हणालो, आमच्या घरच्यांना ती जपानी मालिका फार आवडायची, त्यात त्यांना विशेष काय वाटायचं, काही बोलल्या होत्या का?
सुलाबाई हसायला लागली. मग माझ्याकडे पाहून थांबली.
"भाऊजी, तिला कुठं आवडायची ती? तिला आई कोण, लेक कोण, हेच कळायचं न्हाई. अर्ध्यात डुलक्या घ्यायची. मीच सांगायची पुढलं-मागलं."
मी म्हणालो, मग लावायची कशाला? दुखण्यातसुद्धा?
तिने हातातला कपडा झटकला. म्हणाली, "राग नका मानू. हप्ताभर तुमी घरात काय बोलायचे? डबा झाला का, आन दार लावून घे. ती जपानी लागली की मात्र दारात येऊन उभं ऱ्हायचे. ह्या जपान्यांचे जोडेच असले, त्यांचं जेवणच तसलं. चांगलं पाच-धा मिनटं. ती म्हणायची, असू द्या वो सुलाबाई, बंद करू नका, ह्यांचं तोंड उघडतंय. तुमी आला की डुलकी मोडून ताठ बसायची. कधी उशीर झाला तर मला म्हणायची, जरा आवाज वाढवा, तिकडं ह्यांना ऐकू जाईना वाटतं."
मी म्हणालो, बरं.
ती म्हणाली, चहा टाकते. मी म्हणालो, नको.
अकराला सेट लावला नाही. अक्काला वाटलं, मी रागावलो. तीही समोर गेली नाही.

३ सप्टेंबर, गुरुवार
काही नाही.

६ सप्टेंबर, रविवार
अक्का म्हणाली, "चोरून बघण्यापरीस घरातच बघू. आवाज बारीक ठेव. नर्मदा काय नको म्हणणार न्हाई." शटर उघडलं. आवाज लावला. ते लोक हिंदी बोलतात, आणि बरंच बोलतात.
अक्का भिंतीला टेकून बसली. मी दारात उभा राहिलो. म्हातारीची लेक नदीकाठी नवी खोली बांधायला काढत होती. दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणालो, पूररेषेच्या आत हे बांधकाम बसतच नाही, आमच्या ऑफिसात असल्या नकाशावर सहीच झाली नसती, आणि तो सुतार रंधा उलटा धरतो आहे.
अक्का मान न वळवता म्हणाली, "गुमान बस की रं व्यंकटा, आयकू दे."
बसलो.