पालथ्या गिलासावर सुलटा गिलास

तीर्थस्वरूप व्यंकटदाजी यांस,

शिवलिंगचे शरणार्थ. आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमचा दमा? जळकोटात पाऊस झाला का? (उत्तर सवडीने द्या, मी सध्या इथून कुठेच जाऊ शकत नाही.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझा आवाज कापतो आणि तो तुम्हाला लगेच कळतो. अक्षर कापलं तर म्हणाल, शिवलिंगचं अक्षर शाळेपासून असंच. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

मी एका परदेशी विमानतळावर अडकून बसलोय. देशाचं नाव तिकिटावर आहे, पण माझ्या जिभेला ते झेपत नाही. पुनमकडे जाणारं पुढचं विमान संध्याकाळी, आणि आत्ता कुठे सकाळ सरतेय. तुम्हाला ठाऊकच आहे, पोरीच्या शहराला परवा हादरा बसला आणि पोरगी राहते नवव्या मजल्यावर. लातुरात क्लासवर क्लास लावूनही डॉक्टरकीला नंबर लागला नाही, म्हणून आपण तिला तिकडे धाडली. एजंटाने थंडी, जेवण, हॉस्टेल सगळं समजावून सांगितलं. जमीन हलते, हे तेवढं सांगितलं नाही.

भूकंपाच्या पहाटे आईला दगडमातीखालून काढलं, तेव्हापासून मी स्लॅबखाली झोपत नाही, हे तुम्ही चारचौघांत हसून सांगत आलात. (पुनमच्या क्लासच्या पालकसभेला मी जिन्यातच उभा राहायचो, हेही सांगता.) तर आता इथलं छत ऐका. काचेचं आहे, दाजी! पत्रा नाही, स्लॅब नाही, अख्खी काच, आणि इतकी उंच की वर बघताना माझी टोपी पडली. त्या काचेखाली माणसं पाय पसरून घोरतायत. मी दाराजवळची जागा शोधायला निघालो. दार सापडलं, पण ते बाहेर जात नाही, दुसऱ्या दाराकडे जातं, आणि दुसऱ्या दारात बंदूकवाला. आत आलेल्या माणसाने पळायचं कुठून, हे मी त्याला विचारलं. मराठीत विचारलं. त्याने तिकीट मागितलं.

शेवटी एका खांबाशी बसून पिशवीतले दोन स्टीलचे गिलास काढले. एक पालथा, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा. भूकंपानंतर आपल्याकडे घरोघरी उशाशी असे मांडायचे. जमीन हलली की वरचा पडतो, आवाज होतो, माणूस जागा होतो. लोकांनी कधीच सोडलं, मी सोडलं नाही. गिलास उभे राहिले तसा जरा धीर आला. तेवढ्यात फरशी पुसायचं यंत्र आलं, म्हशीएवढं, वर माणूस बसलेला. फरशी थरथरली आणि गिलास ठणकन पडला.

"उठा रं! भाईर निघा! लेकरं उचला!" असं बोंबलत मी पळालो. एवढ्या गर्दीतलं कुणी हललं नाही. (एकाने व्हिडिओ काढला.) फक्त एक म्हातारी, कुठल्या देशाची देव जाणे, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, सामान टाकून अनवाणी माझ्यामागे धावत आली. बंदूकवाल्याने आम्हा दोघांना अडवलं. त्याने गिलास मागवून घेतले, हुंगले, उजेडात धरले, ठोकून पाहिले आणि परत दिले. म्हातारीने फरशीवर तळवा ठेवून तो हलवून दाखवला, मग तोच तळवा छातीवर ठेवला आणि रडायला लागली. मीही रडलो. तिचंही कुणीतरी असंच भूकंपात गेलं होतं, एवढं मला कळलं. आता ती शेजारी बसून गिलासांवर लक्ष ठेवून आहे, म्हणून हे लिहिता तरी येतंय.

दाजी, मला फार भीती वाटते. पुढच्या विमानात पाय टाकवेल असं वाटत नाही. ते विमान मला नवव्या मजल्यावरच नेऊन सोडणार. परतीचंही एक विमान आहे, ते मी फळ्यावर बघून ठेवलंय.

आक्काला नमस्कार.

तुमचा,
शिवलिंग

ता. क. खरं काम असं. पोरीच्या आईला, सरजाला, हादऱ्याचं सांगितलेलं नाही, पोरीला भेटून येतो म्हणून निघालोय. घरचे गिलास मी इकडे आणलेत. ती मला त्यांच्यावरून हसते, पण ते मांडल्याशिवाय तिलाही झोप लागत नाही. तुम्ही आजच लातूरला जाऊन तिच्या उशाशी दोन गिलास मांडा. आपलीच सवय आहे म्हणा. आणि पुनमने विचारलं तर सांगा, पासपोर्टात घोळ झाला म्हणून बाबा माघारी फिरले.

ता. क. दुसरा. आत्ताच पुनमचा फोन आला. घोळाचं मीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबा, भ्या वाटत असंल तर जावा माघारी. मी इथं रोज गिलास मांडूनच झोपते. परवा पडला की. समदा मजला मीच खाली नेला."

दाजी, मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, तिथल्या पोरींना कोणत्या भाषेत हाक मारलीस?

"तुमच्याच. उठा रं, भाईर निघा. समद्यांला कळलं, बाबा."

वरचं पासपोर्टाचं खोडा. मी जातोय. गिलास म्हातारीला देऊन टाकलेत, पुनमकडे एक जोडी आहेच.