आधी त्याच्या आयेला

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण समुद्रावरची बातमी आधी तुम्हालाच सांगावी असं अजून वाटतं. तुमचा नातू आता तांडेल आहे, तुमच्यासारखीच स्वतः बोट नेतो. तुम्ही आभाळाकडे बघून बोट वळवायचात. त्याच्या मोबाइलवर वाऱ्याचा इशारा आधीच येतो. गेल्या आठवड्यातही आला. दुपारपर्यंत बाकीच्या बोटी रत्नागिरीच्या बंदरात परतल्या, त्याची आली नाही. फोन लागत नव्हता. मी म्हटलं, शिरला असेल कुठल्या तरी खाडीत. सून ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. तिचा फोन वाजला, तिने ओल्या हातानेच तो उचलला, आणि बांगडे तसेच टाकून माझ्याकडे धावत आली.

बंदराच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. उलटलेली बोट, लाटांत माणसांची डोकी, कुणाचा तरी वर आलेला हात. खाली आमच्या बोटीचं नाव लिहिलेलं. रंगही आमच्यासारखाच हिरवा. मी तो पुन्हा पुन्हा लावला, पण एकही तोंड ओळखू येईना. ओळखू येत नव्हतं, म्हणून तो त्यात नाही असंही म्हणता येईना. बघता बघता अंगणात बायका जमल्या. मंडणगडहून नणंदेचा फोन आला, तिला रडू आवरत नव्हतं. मग सुनेने फोन माझ्यापुढे धरला. माझ्या मुलाचा लग्नातला फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मुंबईला असतो तो माझा धाकटा दीर, त्याने टाकला होता. त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग वाढतच चालली होती. शेजारच्या एका म्हातारीने सुनेच्या बांगड्यांना हात घातला तशी मी ओरडले, "हात लावायचा नाय तिला! कोणी बघितलाय त्याला? सांगा ना, कोणी बघितलाय?" कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्यांना फोनवर आलं होतं.

त्या गलक्यात मला तुम्ही दिसलात. मी लहान आहे. तुम्ही वादळातून परत आला आहात, दाढी मिठाने पांढरी झाली आहे. बरोबरची बोट बुडाली आहे, त्यातला एक जण तुमच्या डोळ्यांदेखत गेला आहे. आई भात वाढते, तुम्ही ताटावर बसत नाही. माझा हात धरून भराभर निघता. वाटेत एक बाई विचारते, "काय झालं गो?" मी सांगायला तोंड उघडते, तर तुम्ही माझी बोटं अशी आवळता की डोळ्यांत पाणी येतं. "गप. आधी त्याच्या आयेला." त्यांच्या दारात तुम्ही वहाणा काढता, त्या माउलीसमोर जमिनीवर बसता आणि सांगता. तिने तुमच्या छातीवर बुक्क्या मारल्या. तुम्ही तिचे हात धरले नाहीत. दिवे लागेपर्यंत तिथून उठलाही नाहीत.

मी सुनेला घेऊन बंदरावर गेले. ऑफिसातले साहेब म्हणाले, "आमच्याकडे अशी खबर नाही, मावशी. पण व्हिडिओ आम्हालाही आलाय." म्हणजे तेही आमच्याइतकंच जाणत होते. जेटीवर उभं राहून आम्ही समुद्राकडे बघायचो आणि लगेच फोनकडे. ऊन उतरलं तेव्हा सुनेचा फोन वाजला. तिने तो उचलून थेट माझ्या कानाला लावला.

"आये, आमी सगळे बरे हाव. इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या बोटीनं ओढून जयगडला आणलं." मग म्हणाला, "आये, माझा फोटो कोणी टाकला?"

नेटवर्क आलं तसा त्याचा फोन वाजतच सुटला होता. घरी फोन लावायच्या आधीच त्याने स्वतःची श्रद्धांजली पाहिली. बोटीवरचे खलाशी हसले म्हणे. तो हसला नाही.

दिराने नंतर फोन केला. "वहिनी, सगळेच टाकत होते. सख्खा काका असून मी मागं कसा राहू?" त्याचं रडणं खोटं नव्हतं, म्हणून मला धड रागावताही येईना. फोटो काढून टाकला त्याने. सून मात्र अजून जेवताना फोन ताटाशेजारी ठेवते, आणि माझ्या मुलाला फोन लागला नाही की लागेपर्यंत लावत राहते. फेकून दे तो मोबाइल, असं मला म्हणवत नाही. इशारा मिळाला नसता तर इंजिन बंद पडलं तेव्हा तो आणखी खोल समुद्रात असता.

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे. पण आणखी एक आहे, जे मी घरात बोलले नाही. तो व्हिडिओ खोटा नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावरचा निघाला. ती माणसं खरोखर पाण्यात होती. त्या दुपारी मी देवाला हात जोडून म्हणत होते, ती दुसऱ्या कुणाची तरी पोरं असू देत. तसंच झालं. ती वाचली का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.