आईकडून आलेले दात

पुसद, ता. ९ जानेवारी १९५९

ती. ताईस बळीरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

भाऊजींचं पत्र मिळालं. आर्णीच्या पाहुण्यांना आपली धाकटी बहीण पंचफुला पसंत पडली, पण पोर अंगानं भरू द्या, मग साखरपुडा करू म्हणाले. आनंद झाला आणि भीतीही वाटली. आई गेल्यापासून तूच तिला वाढवलंस, आता रोज तूप-गुळाचा मलिदा चारतेस म्हणे. ताई, आईचे दात आठव. पंचफुला पाळण्यात होती तेव्हाच आई भाकर पाण्यात भिजवून खायची. तुझ्या दाढा गेल्या, माझ्याही किडल्या. मी इथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काही घरांत दात कच्चेच येतात. त्यात अंगावर वजन चढलं की कीड जोर धरते. एकेकटं निभतं, दोन्ही मिळाली की कठीण. पुस्तकातलं नाही, माझ्या पाहण्यातलं आहे, असंही म्हणाले. तेव्हा मलिदा थांबव. राग मानू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
बळीराम

फुलसावंगी, ता. २ मार्च १९५९

चि. बळीरामास नागोरावचे अ. आ.

तुझी ताई बोलते तसं लिहितो. म्हणते, जिनात कापूस तोलता तोलता तू माणसं कधीपासून तोलाले लागला? पोरीच्या चोळ्या उसवून राह्यल्या, गल्लीतल्या बाया पाहत राह्यतात, अन् तुले रडू येते! हाडकी पोर कोणी नेली असती काय? पोरीची दाढ दुखत होती, तर दाताची कीड झाडणाऱ्या सुखीबाईनं रिंगणीच्या बियांची धुरी देल्ली. अळ्या पाण्याच्या परातीत पडल्या, म्या डोळ्यानं पाह्यल्या. आता कायले भेतं? पंचफुला म्हणते, दादाले सांगा, येताना रिबिन आण, डॉक्टर नको आणू.

आमच्यावर लोभ राहू दे.

नागोराव

पुसद, ता. ६ मार्च १९५९

ती. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

त्या अळ्या नव्हेत. मी रिंगणीचं बी आणून निखाऱ्यावर टाकलं आणि धूर पाण्यावर धरला. तोंडाजवळ नेलाही नाही, तरी तशाच अळ्या पडल्या. ते बियांतले कोंब असतात. कीड अजून दाढेतच आहे. पंचफुलाला इकडे डॉक्टरांकडे आणायला मोटारीत बसवून दे. दाढ काढली तर पाहुणे खोड काढतील, ही तुझी भीती कळते. पण ती मागची दाढ आहे, हसली तरी दिसायची नाही. भाऊजी, तुम्ही तरी ऐका. रिबिन घेतली आहे.

बळीराम

फुलसावंगी, ता. २४ मार्च १९५९

चि. बळीरामास अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझी ताई म्हणाली, साखरपुडा होऊ द्या, मग नेऊ. रविवारी पाहुणे आले. पंचफुलाच्या गालावर सूज होती, तिनं त्या बाजूनं पदर घेतला. नवरदेवाच्या आईनं पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, आता कशी भरली पोर. ते गेले अन् पदर काढला, तर सूज गळ्यापर्यंत उतरलेली. पाणीही गिळवेना. बंडीनं महागावले नेली, तिथून मोटारीत बसवली. पुसद दिसाले लागलं होतं, तेव्हा गेली. तुले निरोप धाडला, पण तू मालकाच्या कामाले यवतमाळले गेलता. तिले परत आणून इथंच माती देल्ली.

तुझी ताई जेवत नाही. गालाले हात लावून बसून राह्यते. म्हणते, म्याच चारून मारली.

नागोराव

पुसद, ता. ३० मार्च १९५९

ती. ताईस जयभीम.

डॉक्टरांना विचारलं, दातांनी गेली की खाण्यानं. ते म्हणाले, यातलं एक वेगळं काढून दाखवता येत नाही. ताई, दात आईनं दिले, तिला ठाऊक नव्हतं. अंग तू दिलंस, पाहुण्यांनी मागितलं म्हणून, आणि मायेनं. तू एकटी हे उचलू नकोस.

तू गालाला हात लावून बसतेस, असं भाऊजी लिहितात. तो हात दुःखानं लावतेस की तिथं दुखतं, हे त्यांनी लिहिलं नाही. आईच्या दातांची आता आपण दोघंच उरलो. पत्राची वाट पाहणार नाही. मंगळवारच्या मोटारीनं मी स्वतः येतो. डॉक्टरांकडे यायला तयार राहा, आणि तोवर पातळ कण्या तरी घोटभर घे.

तुझाच,
बळीराम