शीव दाखवायचं काम

बाबा,

आमच्या कॉलेजात दरवर्षी दिवाळीनंतर एक खेळ सुरू होतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी इतिहासाच्या निबंधासाठी विषय निवडायचा आणि मी मान डोलवायची. पुरातत्त्वातला काहीतरी घ्या म्हटलं की सगळ्यांना किल्लाच आठवतो. माहुलीवर तर इतक्यांनी लिहिलंय की गडालाही आता कंटाळा आला असेल. गेल्या वर्षी एका मुलानं कुठल्याशा जलदुर्गाची माहिती मोबाइलवरून जशीच्या तशी उतरवली होती. लाटा तटावर आदळतात म्हणे, आणि हा लिहितोय मुरबाडच्या डोंगरात बसून. मी हसले, रागावले आणि पास करून टाकलं. खरं सांगायचं तर कुणाशी वाद घालायची हौस आता उरलेली नाही. रोज शहापूरहून निघायचं, शिकवायचं, परत यायचं. तुम्ही मला शिकवलंत तेही असंच होतं, आपण बरं की आपलं काम बरं.

यंदा एक मुलगी वेगळाच विषय घेऊन आली. डोंगराखालच्या ठाकरवाडीवरची. घरून पायी रस्त्यापर्यंत येते, तिथून जीप मिळाली तर मिळाली. वर्गात फारशी बोलत नाही, पण कुणी चुकीचं बोललं की भुवया वर करते आणि ते मला दिसतं. तास संपल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. "मॅडम, ह्याच्यावर लिव्हला तं चालंल?" फोटोत गुडघ्याएवढा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या अक्षरांच्या ओळी आणि खाली एक गाढव आणि एक बाई, कुणीही पाहू नये अशा अवस्थेत. "आमचे वाडीवर ह्याला बगू नको सांगतात," ती म्हणाली. "बाया तर तोंड फिरवून जातात. अवसेला कोंबडा देतात, पन बगत कोनीच नाय." मी तिला सांगितलं, याला गधेगाळ म्हणतात, गाळ म्हणजे शिवी. जुन्या काळी राजानं कुणाला जमीन दान दिली की शिवेवर हा दगड रोवायचे. जो ही हद्द मोडील त्याच्या आईला शिवी, तीही अशी कोरून, की न शिकलेल्यालासुद्धा वाचता यावी. तिनं फोटो पुन्हा निरखून पाहिला. "हद्द मोडनार बाप्या, नि गाल त्याचे आयशीला? हा कसला न्याय?" एवढ्या वर्षांत एखाद्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिल्याचे प्रसंग मी बोटांवर मोजेन. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र फोन तिच्याकडे परत सरकवला आणि म्हटलं, "हा नको. दुसरा बघ."

तिनं कारण विचारलं नाही. का, ते मला आणि तुम्हालाच ठाऊक होतं. मी नववीत होते, आपण कसाऱ्याहून शेणव्याकडच्या तुमच्या मूळ गावी लग्नाला गेलो होतो. तुम्ही त्या गावात किती वर्षांनी पाऊल टाकत होता कुणास ठाऊक. एसटीतून उतरल्यापासून तुम्ही झपझप पुढे चालत होता. मला आठवतंय, आपण बांधावरून चाललोय, नवीन चपलेचा पट्टा टाचेला लागतोय, आणि कडेला चंद्र-सूर्य कोरलेला एक बुटका दगड आहे. मी त्याच्यावर बसते. पुढच्या क्षणी तुम्ही माझं मनगट धरून मला ओढता आणि तुमचा हात माझ्या गालावर पडतो. घाटात रेल्वेचा कीमॅन म्हणून रोज रूळ चालणारा, हातोड्यानं चाव्या ठोकणारा हात. त्या आधी तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आई बोलायला गेली तर तुम्ही तिच्याकडेही पाहिलं नाही. लग्नात तुम्ही जेवला नाहीत. वऱ्हाडातला एक म्हातारा लांबून तुमच्याकडे बघत होता, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे होता.

परत आल्यावर क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई सुके बोंबील भाजत होती, धूर डोळ्यांत जात होता, आणि मी फुरंगटून बसले होते. मी तुम्हाला चांगलंच टोचून बोलले. म्हटलं, देव नदीत सोडून आलात, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध लावलेत, आम्हाला सांगता कशाला भिऊ नका, आणि स्वतः एका धोंड्याला भिता? तुम्ही चिडला नाहीत. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालात, "धोंड्याला कोन भितो गो. धोंड्याभवती मानसं आसतात, त्यांना भ्यायचं."

मग तुम्ही सांगितलंत, एकदाच. शीव राखणं हे आपल्या घराकडे होतं. गावची हद्द कुठून कुठे जाते, कुठल्या झाडापासून कुठल्या ओहळापर्यंत, हे महाराला माहीत असायचं आणि भांडण झालं की त्यालाच उभं करायचे. शेजारच्या गावाशी चराईच्या जमिनीवरून वाद पेटला, तेव्हा आजोबांना बोलावलं. सरकारी कागद कचेरीत होते, पण गावाचा विश्वास कागदावर नव्हता. आजोबांच्या डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ ठेवलं आणि अनवाणी चालायला लावलं. ते चालतील ती हद्द. मात्र पुढे एक मुदत असायची. त्या मुदतीत शीव दाखवणाऱ्याच्या घरात कुणी आजारी पडलं, जनावर मेलं, काहीही वाईट झालं, तर तो खोटं चालला असं ठरायचं. आजोबा खरं चालले. तुम्ही त्यांच्या मागे होता, लहान होता, पण तुम्हाला वाट पाठ होती. भादव्याचे दिवस, घरोघरी हिवताप, आणि मुदत संपायच्या आधी आजोबांना थंडी वाजून आली. ज्या गावाचं नुकसान झालं होतं तिथले लोक काठ्या घेऊन आले हे समजू शकतं. पण ज्यांच्या बाजूनं ते खरं चालले होते त्यांनीही दारं लावून घेतली. दवा नाही, पाणी नाही. आजोबा गेले, घराचं छप्पर पेटलं, आणि आजी तुम्हाला घेऊन कसाऱ्याला रुळांवरची खडी फोडायला आली. "खरा सांगितला म्हनून मेला माझा बाप," तुम्ही म्हणालात. "तू शिक, मोठी हो, पन शीव कुनाला दाखवू नको." आईनं तवा उतरवला आणि कुणीच जेवलं नाही.

म्हणून मी नको म्हटलं, बाबा. ती मुलगी पुन्हा आली, पुन्हा तोच फोटो घेऊन. मी सांगितलं, जात्यावरच्या ओव्या घे, ठाकरांच्या घरबांधणीवर लिही, चांगलं होईल. ती म्हणाली, "मॅडम, ह्या दगडापासून आमची नाचनीची वरकस जमीन चालू होते. आता तिथं तारेचा कंपाउंड येतंय." मग कळलं. वाडीच्या खालच्या बाजूला प्लॉट पाडणं चाललंय. तुम्ही गेलात तेव्हा या माळांना कुणी विचारत नव्हतं, आता रस्ते झालेत आणि मुंबईच्या माणसाला डोंगर दिसणारी बाल्कनी हवी आहे. सिमेंटचे खांब पुढे पुढे सरकत दगडापर्यंत आले होते. दगड ज्या जागी रोवला होता त्या जागी आहे असं कुणी छापून ठेवलं, तर खांब कुठे थांबायला हवेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

आठवड्याभरात एक माणूस मला भेटायला कॉलेजात आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, फार अदबीनं बोलणारा. प्लॉटवाल्यांचं काम बघतो म्हणाला. मला आधी वाटलं कुणा मुलाचा पालक असेल, मी चहा मागवला. "मॅडम, तुमची ती वाडीवरची स्टुडंट हुशार आहे हां. रोज फोटो काढत फिरते. एकटीच असते." मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "तिला काहीतरी चांगला टॉपिक द्या ना. किल्ला वगैरे. आमच्या साहेबांची गाडी देतो, माहुलीच्या पायथ्याला सोडतो, परत आणतो. काय आहे, रान आहे, जनावर असतं. पोरीबाळींचा विषय." त्यानं चहा पूर्ण प्यायला, कपाखालची बशी नीट केली आणि जाताना माझ्या पाया पडला. तो गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी ती जीपची वाट बघत उभी होती आणि तो तिच्याशी हसून काहीतरी बोलत होता. ती हसत नव्हती.

मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, किल्ला द्या की मग, एवढं काय. मी तेच करणार होते. पण त्याच सुमारास वाडीत लग्न निघालं, सगळी वाडी वऱ्हाडाला पलीकडच्या खोऱ्यात गेली, आणि परत येऊन बघतात तर दगड हलला होता. फोडला नव्हता, पळवला नव्हता. उचलून वाडीच्या बाजूला बराच आत आणून रोवला होता, शेंदूर लावून, वर ताजा नारळ फोडून. जुना खड्डा बुजवून त्यावरून जेसीबी फिरवलेला. खांबांची रांग आता बरोबर दगडाशी जुळत होती. आजोबांच्या काळी माणसाला तरी विचारायचे. आता शीवच उचलून हवी तिथे ठेवतात आणि तिची पूजाही करतात.

वाडीनं मोजणीचा अर्ज दिला. पण दगड आधी कुठे होता हे सांगायला कुणी पुढे होईना. निम्मी माणसं त्याच कुंपणावर मजुरीला आहेत. म्हातारे म्हणाले, आमी त्याच्याकडे कधी बगितलाच नाय, कसा सांगू. ते खोटं नव्हतं, साऱ्या जन्मात तोंड फिरवूनच गेले होते. उरली ही एकटी बघणारी. आणि तिचे फोटो कामाचे नाहीत, त्याला मी कारण. वर्गात मीच शिकवते, कोरीव कामाचा फोटो काढताना चौकट दगडानं भरून काढा, अक्षर स्पष्ट आलं पाहिजे, आजूबाजूचा पसारा नको. पोरीनं शब्दन् शब्द पाळला. पंधरावीस फोटोंत फक्त दगड आहे. मागे एक झाड नाही, बांध नाही, डोंगराची रेघ नाही. फोनमध्ये जागेची नोंदही चालू नव्हती. तेव्हा आता फोटो नाही, कागद नाही, तिनंच मोजणीवाल्यांपुढे पुढे होऊन पाय रोवून सांगायचं, इथे होता.

"तुमी विषय नाय दिला तरी मी दाखवनार," ती मला म्हणाली. आवाज चढवला नाही. मला राग आला बाबा, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. त्या पाया पडणाऱ्याचा आला, प्राचार्यांचा आला, दारं लावून घेतलेल्या त्या गावाचा आला आणि थोडा तुमचाही आला. मी तिचा विषय मान्य केला आणि मार्गदर्शक म्हणून खाली सही केली. निदान ती तिथे उभी राहील ती कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून, असं मी मनाला समजावलं. संध्याकाळी स्कूटर काढायला गेले तर सीटवर एक नारळ ठेवलेला होता, शेंदूर लावलेला. मी तो उचलून कुंपणाबाहेर टाकला. हात धुतले, आणि घरी येऊन पुन्हा धुतले. शेंदूर नखात राहिला आहे.

मोजणी उद्या आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे. घरी मी सांगितलंय की मुलांची सहल आहे. आज कॉलेज सुटताना ती माझ्यापाशी थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "मॅडम, अशी शीव मागं कोनी दाखवली आसंल ना? तुमाला म्हायती आसंल, इतिहासात. त्यांचा पुढं काय झाला?" जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "काय व्हायचंय गं? मोजणीवाले असतात, पोलीस पाटील असतो, मी आहे." तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास आहे, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. जीप भरलेली होती, ती मागच्या फळीवर एका पायावर उभी राहून गेली आणि वळणापर्यंत मी तिला बघत राहिले.

तुम्ही असता तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं असतं, चष्मा काढला असता, आणि एकच विचारलं असतं, त्या पोरीला माझ्या बापाचं सांगितलंस का म्हणून. नाही सांगितलं, बाबा. सांगितलं असतं तर कदाचित ती उद्या आली नसती, आणि मला ती यायला हवी आहे.