डाव्या पंखातले आठ नट

मरोळ, अंधेरी पूर्व
९ नोव्हेंबर २०२४

गंधाली,

कशी आहेस? इकडे ठीक. तुझ्या बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. काका आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात, आणि मोठ्याने वाचतात, म्हणजे गाळ्यात माझी सुटका नाही. आमची आई रोज विचारते, "तुझा इमान उडला काय रे?" मी सांगतो, बोटीने गेलं. तिला वाटतं मी चेष्टा करतोय.

तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे पत्र आपण गाळ्यात बांधलेल्या विमानाच्या कागदांच्या पाकिटात घालतोय. फाडू नकोस. आधी कागदांचं सांगतो.

"हे विमान भारतात कधीच नोंदलेलं नव्हतं" असं पत्र एकदाचं मिळालं. तुमच्या न्यूझीलंडवाल्यांना ते हवंच होतं ना, एकच विमान दोन देशांत नोंदलेलं नको म्हणून. चार महिने खेटे घातले. एक साहेब म्हणाला, "जे नाहीच, ते नाही असं लिहून कसं देऊ?" मी टेबलावर हात आपटला. काकांनी मला दंडाला धरून बाहेर बसवलं आणि आत जाऊन गोड बोलून लिहून घेतलं. बाकी कंटेनरची पावती आहे, इंजिनाचे कागद आहेत, आणि बांधणीची वही. तीनशे बारा पानं, फोटोंसकट. तुमचा इन्स्पेक्टर या वहीवरच उडवायची परवानगी देणार. पंख बंद झालेत, आत काय आहे ते वहीशिवाय सांगणार कोण?

अनयशी लग्न ठरलं त्याबद्दल अभिनंदन. मनापासून नाही, पण अभिनंदन. मागे तुला मेसेजवर जे काय लिहिलं, ते मलाच परत वाचवत नाही. त्याची माफी मागायला हे पत्र नाही. तेवढंच असतं तर बरं झालं असतं यार.

पान दोनशे चार उघड. सतरा मार्च, डावा पंख. आत एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या फळीच्या, ब्रॅकेटचे आठ नट आणि प्रत्येकावर केशरी रेघ. छान फोटो आहे. तूच म्हणालीस, मस्त.

तू इथे होतीस तेव्हा मी टॉर्क पाना फिरवायचो आणि टक्क आवाज आला की तू रेघ मारायचीस. रेघ म्हणजे नट नीट आवळलाय, पुन्हा कोणी बघायचं नाही. तू गेल्यावर दोन्ही कामं माझ्याकडे आली. आणि तुला रोजच्या कामाचा फोटो हवा असायचा. तू झोपायच्या आत, म्हणजे आमच्याकडे दुपारी अडीचच्या आत. काम तेवढ्यात आटपायचं नाही. म्हणून मी नट नुसते हाताने बसवायचो, आधीच रेघ मारायचो, फोटो काढून तुला पाठवायचो. तुझा बदाम आला की मग सावकाश रेघ पुसायची, पाना लावायचा, परत रेघ. दरवेळी केलं. शप्पथ, दरवेळी केलं.

त्या दिवशी तुझं उत्तर आलं: "मस्त! आणि ऐक ना, एक बातमी आहे."

अनयची बातमी वाचून मी पाना भिंतीवर फेकला की त्याआधी नटांना लावला, मला आठवत नाही. आठ महिने आठवतोय. पत्रा बसवून पंख बंद केला तेवढं आठवतं. दोनशे रिव्हेट एकट्याने, हाताला फोड येईपर्यंत. त्या पंखाचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी काका आले, पहिल्या डोळ्याला पट्टी. विचारलं, "रेघा लागल्या ना सगळ्या?"

"लागल्या."

"मग दे इकडे." आणि त्यांनी तपासनीस म्हणून सही केली.

नंतर म्हटलं, आवळले असतील. नंतर म्हटलं, काकांची सही खोटी ठरेल, चाळीस वर्षं विमानं तपासलेला माणूस. खरं सांगू? काही दिवस वाटायचं, जाऊ दे, तिचं काय व्हायचं ते होऊ दे. वाटलं होतं गं. विमान बोटीत चढलं तेव्हाही मी गप्प होतो.

परवा वही पाकिटात भरताना काका सहज म्हणाले, "पहिल्या उड्डाणाला ती एकटीच बसणार. नियमच आहे." मी तिथेच फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, हात उचलतील. त्यांनी उचलला नाही. म्हणाले, "गाढवा, विचारताना मी रेघांचं विचारलं. नटांचं विचारायला हवं होतं." वही उघडून स्वतःच्या सहीवर लाल पेनाने काट मारली आणि खाली लिहिलं: पंख बंद होण्याआधी मी आत पाहिलेलं नाही. पान बघ, अक्षर वाकडं आलंय.

काकांनी तुला फोन केला असेलच. तरी त्यांच्या सांगण्यावरून मी काल तुमच्या इन्स्पेक्टरलाही ईमेल केली, माझ्या नावाने, हेच सगळं लिहून. म्हणजे एकवीस तारखेला ठरलेली परवानगी मिळणार नाही. तुझा तिकडचा हा उन्हाळा जाणार. तू चिडून उडवायला गेलीस तरी आता ते कोणी उडवू देणार नाही. तुला ओळखतो म्हणून हे आधी केलं.

डाव्या पंखाचे खालचे रिव्हेट ड्रिल करून पत्रा काढावा लागेल. रेघा बघू नकोस. पाना लाव.

नट घट्ट निघाले तर मी तुझं एक वर्ष उगाच घालवलं. सैल निघाले तर मी कोण, ते मला चांगलं माहीत आहे. काहीही निघालं तरी काकांना कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

पंख बंद करणारा,
सर्वेश