पाणी पाहून दे

बाबा, तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं, आणि तुम्ही गेल्यावर आता ते दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. मला कुष्ठरोग झाला. कळलं तेही कसं, तर उतू जाणारं दूध मी फडक्याशिवाय उतरवलं आणि फोड आले तरी मला पत्ता नाही. किंचाळली ती माझी मुलगी. मला मात्र आपलं ब्राह्मणपारा मोहल्ल्यातलं जुनं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही रेल्वेची ड्यूटी करून येता, चुलीवरचा दुधाचा गंज उघड्या हातांनी उतरवता, आम्ही पोरं टाळ्या पिटतो. तुम्ही ऐटीत म्हणता, "मले नाही पोळत." आणि हाच शूर माणूस आंघोळीआधी रोज आईला हाक मारायचा, "अवं, पाणी पाहून दे." आई करवादायची, "काहून, तुमचे हात नाहीत का?" पण पाण्यात हात घालून पाहून द्यायची. आम्हाला वाटायचं, साहेबी थाट आहे.

वर्षभर गोळ्या घेतल्या. त्यांनी रंग इतका काळवंडला की सदर बाजारात ओळखीचा कापडवाला विचारू लागला, "दीदी, धूप में बहुत घूमती हो क्या?" डॉक्टर मधूनमधून रक्त काढून त्यातल्या, रोगाशी लढायला शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडी बघतात. आकडा उतरतोय, पण शून्यावर येत नाही. मी मनाशी ठरवून बसले होते, शून्य झाल्याशिवाय नातवाला मांडीवर घ्यायचं नाही. समता कॉलनीत मुलीकडे जायचे आणि लांबूनच बघायचे. ती चिडायची, "आई, ले लो ना! डॉक्टर ने कब का बोल दिया." मी कंबरदुखी पुढे करायचे.

परवा डॉक्टर हसून म्हणाले, "शादी निपट गई, बाराती चले गए. टेंट धीरे-धीरे उतरेगा. आपसे किसी को कुछ नहीं होगा." म्हणजे जंतू गेले, अँटीबॉडी तेवढ्या रेंगाळताहेत. मग रक्त कशाला काढता? तर म्हणे, आकडा पुन्हा चढत नाही ना, एवढंच बघायचं. मान डोलावून घरी आले आणि पुन्हा घोळ सुरू. मी बरी झाले की नाही? हा रोग वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसून राहतो म्हणतात, मग माझ्यात तो तुमच्याकडून आला का? डॉक्टर म्हणतात, ते सांगता येणार नाही. तुमचं रक्त कधी कुणी तपासलंच नाही. कधी तुमचा भयंकर राग येतो, आणि लगेच तुमच्या त्या हातांसाठी जीव तुटतो. कशावर थांबावं, कळत नाही.

काल मुलीनं न विचारताच बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी रडले, ते खुशाल झोपलं. मग त्याच्या आंघोळीची वेळ झाली. बादलीत हात घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी मुलीला म्हटलं, "पाणी पाहून दे."

"क्यों, आप नहीं देख सकतीं?"

"मले नाही समजत. तुझ्या आजोबालेही नव्हतं समजत."

तिनं पाण्यात कोपर बुडवलं. बाबा, ते खरं होतं का, मला अजून माहीत नाही. तुम्हाला न विचारता सांगून टाकलं.